नेऱ्याच्या इटलीत नाकारलेलं स्थळ

चहा आधी संपवा. मी सांगतोय ते ऐकताना घोट घेतलात तर ठसका लागेल, आणि मग मलाच तुमच्या पाठीवर थापट्या मारत बसावं लागेल. आणि मध्ये हसायचं नाही. हसणार असाल तर मी आत्ताच उठतो!

इटली! नाव काढलं तरी माझं डोकं सणकतं. तुम्ही म्हणाल, तू कधी गेलास रे इटलीला? गेलो होतो ना. गेल्या हिवाळ्यात, रविवारी सकाळी, न्यू पनवेलहून स्वतःची गाडी काढून! आणि त्या इटलीत मी भर जेवणात एक लग्न मोडून आलो. थट्टा नाही करत. दोन भल्या माणसांचं जुळत आलेलं लग्न, मी उभं राहून, बोट नाचवत मोडलं.

तर ऐका. मी न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरच्या कागदपत्रांचं काम बघतो. म्हणजे आठवडाभर मी कोणावर तरी ओरडत असतो, नाहीतर कोणीतरी माझ्यावर ओरडत असतं, आणि उरलेला वेळ ट्रेलरच्या रांगेत हॉर्न वाजवण्यात जातो. त्यामुळे रविवार हा माझा. रविवारी मला कोणी हलवायचं नाही. बनियन, मटण आणि झोप. एवढंच मागतो मी या जगाकडे!

घरात आम्ही दोघंच, मी आणि आई. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त झाली आहे. माझं लग्न झालेलं नाही. का नाही झालं, हे विचारू नका, माझा आवाज चढतो. आई आणि सुलूमावशी या दोघींनी मला लोकांच्या घरी नेऊन इतके पोहे खायला घातलेत की पोह्यांचा वास आला तरी मी रस्ता बदलतो. सुलूमावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. विचुंब्याला राहते आणि जगातल्या प्रत्येक भानगडीत असते. शेवटी गणपतीत मी ताट सरकवलं आणि जाहीर केलं, "आता एकही मुलगी बघणार नाही. परत विषय काढलात तर घर सोडून जाईन!"

आणि काय आश्चर्य! विषय बंद झाला. आई लग्नाचं नाव काढेना. सकाळी उठून योगवर्गाला जायची, येताना गुणगुणत यायची. मला वाटलं, जिंकलो. एकदा तरी आपला आवाज कामी आला!

मग उजाडला तो रविवार. मी अंथरुणात, आणि मावशी दारात. नवी साडी, हातात मोबाईल.

"मंदार, ऊठ. आपण फिरायला चाललोय. हे बघ, इटालियन ग्रामीण जीवनाचा अनुभव. वाइन आणि ऑलिव्हचं तेल चाखायचं, शेतात जेवायचं, संध्याकाळी परत."

"इटलीला?"

"नेऱ्याला."

मी उठून बसलो. "नेऱ्याला? नेऱ्याची इटली कधी झाली? मी तिथं लहानपणी सायकलने कैऱ्या पाडायला जायचो! आणि तेल कसलं चाखायचं? तेल काय चाखायची गोष्ट आहे? उद्या मीठ चाखायला अलिबागला न्याल मला!"

"अरे, हळू बोल," आई आतून म्हणाली. आणि बाहेर आली. तुम्हाला सांगतो, मी बघतच राहिलो. केस रंगवलेले, अंजिरी साडी, कानात मोत्याच्या कुड्या. हातात डबा. मी डब्याचं झाकण उचललं, तर बेसनाचे लाडू!

"हा निळा शर्ट घाल," आई म्हणाली. "इस्त्री केलाय मी."

बस्स! माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. इस्त्रीचा शर्ट, लाडू, मावशी. अहो, हा तर बघण्याचा कार्यक्रम! पोह्यांना मी नाही म्हणालो, म्हणून आता वाइन आणि तेल. काय डोकं चालवलंय बायकांनी! शर्ट घालताना रागानं माझं एक बटण तुटलं. तुटू दे म्हटलं. तसाच निघालो.

गाडीत मावशी पुढे माझ्या शेजारी बसली. फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांची ही गर्दी! मी एकाला आरशातून शिव्या घालत होतो, तेवढ्यात मावशीनं घसा साफ केला.

"मंदार, एक सांगायचं होतं रे. आज आपण जिथे जातोय ना, तिथे..."

"आधी या डंपरवाल्याला बघू दे मला!"

डंपर मागे पडला. पुढच्या नाक्यावर मावशी परत. "तर मी काय म्हणत होते, ते घरतकाका म्हणून आहेत..."

"मावशी, मला सगळं माहितीये!"

"माहितीये?"

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? लाडू, साडी, शर्ट! मला न विचारता परस्पर जमवलंत ना सगळं?"

मग मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग तुझी हरकत नाही ना?"

"हरकत? आहेच! पण निघालोय आता. जेवतो, तोंड दाखवतो आणि परत येतो. होकाराची अपेक्षा ठेवू नका!"

मी आरशात पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. लाडवाचा डबा मांडीवर घट्ट धरून. मला वाटलं, बरं झालं, चोरी पकडली गेली. आता तुम्हीच सांगा, मावशीनं तेव्हा एक, फक्त एक वाक्य पूर्ण करायला काय हरकत होती? पण नाही! म्हणे, "तुला माहितीये म्हणालास, म्हणून मी गप्प बसले." वर मलाच दोष!

पोचलो इटलीला. फाटकापासून घरापर्यंत दोन्ही बाजूंना अशोकाची उंच झाडं. लांबून इटलीच्या फोटोतल्या झाडांसारखी दिसतात म्हणून लावलेली. कुंड्यांमध्ये राखाडी पानांची खुरटी ऑलिव्हची झाडं. खारघरच्या दहा-बारा बायका मोठमोठ्या टोप्या घालून त्या कुंड्यांना मिठ्या मारत फोटो काढत होत्या. आणि मधोमध गवती टोपी घातलेले घरतकाका. इथलेच, नेऱ्याचे. साठीचे, दणकट. आयुष्य जहाजावर आचारी म्हणून काढलं, त्यातली बरीच वर्षं इटलीच्या बंदरांत. बायको मागेच वारली. आता हा इटलीचा धंदा.

"या या बाई," ते आईला म्हणाले. "आमी कवापासून वाट बगतोय." मग माझ्याकडे वळले. "हा मंदार काय? लय आयकलंय तुझ्याबद्दल."

ऐकलंय म्हणजे? माझी माहितीसुद्धा पाठवून झाली होती तर!

"ही झाडं खरी का खोटी?" मी फटकन विचारलं.

"खरी हायत. पण शोभेची. आपल्या हवेत फळ धरत नाय. तेल येतं जहाजानं, तुमच्याच न्हावा शेव्याला." माणूस खोटं बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तेही नाही!

आम्हाला मांडवाखाली बसवलं. आणि आतून आली मुलगी. हातात ट्रे, ट्रेमध्ये छोटे निळे पेले, नजर खाली. आता ट्रे सांडू नये म्हणून कोणीही खालीच बघणार, पण मला तेव्हा कोण सांगणार? ट्रे, मुलगी, खाली नजर! पोह्यांच्या जागी तेल, बाकी सगळं तेच.

"ही माझी रूपाली," काका म्हणाले.

रूपालीनं मला पेला दिला आणि शिकवायला लागली. पेला तळहातावर धरायचा, दुसऱ्या हातानं झाकायचा, तेल कोमट झालं की वास घ्यायचा, मग हवेसकट जोरात सुर्रकन ओढायचं. खारघरच्या बायकांनी एकदम सुर्र केलं. मी ठरवलं, आता या लोकांनी आपल्याला नाकारलंच पाहिजे. असा सुरका मारला, असा मारला, की मांडवाच्या कोपऱ्यात झोपलेलं कुत्रं उठून बसलं!

आणि घशात आग! खोकतोय, खोकतोय, डोळ्यांतून पाणी.

"अहो, हे तेल खराब झालंय!" मी ओरडलो. "पैसे घेऊन लोकांना खवट तेल पाजता? डोळ्यांदेखत फसवणूक!"

"खवट नाय रे," काका शांतपणे म्हणाले. "ताजं हाय म्हणून घशाला लागतं. चांगल्या तेलाला खोकला येतोच."

खारघरच्या बायका माना डोलवायला लागल्या आणि आपापला खोकला येतोय का ते बघायला लागल्या. माझं आणखी डोकं फिरलं.

मग वाइन आली. काका बाटली घेऊन माझ्याच शेजारी बसले आणि चौकशी सुरू केली. नोकरी पक्की हाय का? घर सोताचं हाय ना? आईची काळजी घेतोस का? आणि एका हातानं माझ्या पेल्यात वाइन ओतत, "घेतोस का रे रोज?"

सांगा मला, हा प्रश्न झाला? हातात बाटली कोणाच्या?

"रोज!" मी म्हणालो. "दात घासायच्या आधी!"

काकांचा हात थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईनं कपाळाला हात लावला. मला उकळ्या फुटल्या. आणखी दोन-तीन ठोकून दिल्या. म्हटलं, नोकरी आज आहे, उद्या नाही. राग आला की मी भांडी फेकतो. घरी कोणी पाहुणे आलेले मला खपत नाहीत. समोरची लाल, पांढरी, गुलाबी, जी आली ती चाखायच्या ऐवजी संपवली. चाखलेली वाइन थुंकायला ठेवलेल्या मडक्यात मी लाडू टाकला, तेवढं मात्र चुकून झालं.

जेवण वाढलं. तांदळाची भाकरी, तिच्यावर ते तेल आणि लसणीची चटणी, सोबत तळलेले बोंबील. आता जेवण चांगलं होतं, हे मला मान्य करावं लागतंय याचाही मला राग येतो. काका माझ्यासमोर येऊन बसले. टोपी काढली.

"मंदार, आता आडपडदा नको. बाई म्हंतात, तुला पटलं तरच. तुझ्या मनात काय हाय ते सांग."

आणि मी उठलो. हातात अर्धा बोंबील.

"मनातलं हवंय ना? घ्या! मला हे स्थळ पसंत नाही. घर नाही, माणसं नाहीत, तेल तर नाहीच नाही! अहो, लग्नाचं वय उलटून गेलंय, आता हा तमाशा कशाला? माझी आई भोळी आहे, तिला तुम्ही गुंडाळलंत. मी गुंडाळला जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर या घराशी आमचं नातं होणार नाही!"

खारघरच्या बायकांनी मोबाईल खाली घेतले. आईनं हातातला घास ताटात ठेवला, उठली आणि मागच्या नळाकडे गेली. मावशी म्हणाली, "मंदार, काय केलंस हे!" आणि रडायला लागली.

मला मात्र विजयी वाटत होतं हो! मी तरातरा चालत गाडीकडे निघालो. एवढ्यात मागून रूपाली धावत आली. रागानं लाल.

"तुम्हाला लाज नाही वाटत? स्वतःच्या आईला असं बोलता?"

मी जरा नरमलो. म्हटलं, बिचारी, हिचा काय दोष? "हे बघा, तुमच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. तुम्ही चांगल्या आहात. पण मला लग्न करायचं नाहीये."

"कोणाशी?"

"तुमच्याशी!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझ्याशी? माझं लग्न झालंय! तो तिकडे बोंबील तळतोय ना, तो माझा नवरा. आम्ही उलव्याला राहतो."

मी तिकडे पाहिलं. ॲप्रन घातलेल्या एका उंच माणसानं मला झारा दाखवला. नमस्कार म्हणून की मारायला, ते अजून कळलेलं नाही.

"मग हा कार्यक्रम कोणाचा?" मी विचारलं.

तिनं नुसतं नळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. आई तोंडावर पाणी मारत होती. घरतकाका बाजूला उभे होते, तिच्यासाठी टॉवेल धरून. जवळ जात नव्हते. नुसता टॉवेल धरून उभे.

"योगवर्गात ओळख झाली दोघांची," रूपाली म्हणाली. "बाबांनीच विचारलं. काकू म्हणाल्या, मंदारला मनापासून पटलं तर हो, नाहीतर हा विषय इथेच संपला. मावशी म्हणाल्या, मी सांगते त्याला. आल्यावर त्या म्हणाल्या, त्याला सगळं माहितीये, गाडीत तोच म्हणाला!"

अहो, माझ्या अंगातली सगळी वाइन त्या क्षणी उतरली! मी काय काय बोललो होतो ते एकेक वाक्य परत माझ्याच कानात वाजायला लागलं. लग्नाचं वय उलटून गेलंय. तमाशा. मी जिवंत आहे तोवर! माझ्या आईला! जिनं एकटीनं मला वाढवलं, तिला मी बारा परक्या बायकांसमोर हे ऐकवलं होतं. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि शरम वाटली की मला काय होतं? बरोबर. राग येतो!

तसाच मावशीकडे गेलो. "तू सांगितलं का नाहीस?"

"तू सांगू दिलंस का?" मावशी पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. "तोंड उघडलं की भुंकतोस! घरात, गाडीत, फोनवर! तुला सांगायचं तरी कधी माणसानं?"

मावशीचं खरं होतं, पण ते मी तिच्यासमोर कबूल केलं नाही. आजही नाही.

मी नळापाशी गेलो. आईनं तोंड पुसलं. "चल, निघूया घरी," म्हणाली. "झालं ते झालं."

"आई, मला वाटलं माझ्यासाठी स्थळ आहे. देवाशप्पथ. मला माहीतच नव्हतं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली की रडली, मला कळलं नाही. म्हणाली, "मंदार, मला एकटं राहायची भीती नाही रे वाटत. पण तू दिवसभर नसतोस आणि येतोस तो चिडून येतोस. मला वाटलं, घरात एक तरी माणूस असावं, जे माझ्याशी साध्या आवाजात बोलेल."

काकांनी तोंड फिरवून कुंडीतल्या झाडाची पानं बघायला सुरुवात केली.

खरं म्हणजे तेव्हा मी हळू, प्रेमानं, तिचा हात हातात घेऊन बोलायला हवं होतं. पण मला दुसरं काही येतच नाही हो! मी वळलो, परत मांडवात गेलो आणि सगळ्या इटलीला ऐकू जाईल अशा आवाजात गरजलो,

"मला हे स्थळ पसंत आहे! घर पसंत आहे, माणसं पसंत आहेत, तेलसुद्धा पसंत आहे! कोणाला काही अडचण आहे?"

खारघरच्या बायका दचकल्या. मग एकीनं टाळी वाजवली आणि बघता बघता सगळ्यांनी वाजवल्या. मावशी रडत रडत भाकरी खायला लागली. आई नळापाशी उभी राहून "अरे, हळू बोल!" म्हणत होती, पण हसत होती. एवढी मोकळी हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी घरतकाकांसमोर गेलो, हात जोडले, वाकून नमस्कार केला. "काका, माफ करा. दात घासायच्या आधीचं खोटं होतं. भांडी फेकतो ते पण खोटं. मी खरंच हो म्हणतोय. आता तुमचं काय ते बोला."

काकांनी शांतपणे टोपी डोक्यावर ठेवली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तुटलेलं बटण, शर्टावर तेल, हातात अजून तो अर्धा बोंबील.

"बाईंचं तं पक्कं," ते म्हणाले. "त्यांना बगायचं काय हाय? आज आमी बगायला बोलावलं होतं तुला. बाईंच्या सोबत आयुष्यभर तू येणार ना!"

"मग?" मी विचारलं.

"पोऱ्याचं कळवतो."

कळवतो! अहो, या शब्दाचा अर्थ मला कोणी सांगायला हवा का? पोहे खाऊन उठताना इतक्या दारांत हाच शब्द ठेवून मी चपला घातल्या आहेत!

दोघांचं लग्न झालं उन्हाळ्यात, नोंदणी करून. साक्षीदार म्हणून सही मीच केली. आई आता नेऱ्याला राहते, मी दर रविवारी तिथं जेवायला जातो आणि जमेल तेवढं साध्या आवाजात बोलतो. काका पानात बोंबील वाढतात, पाठीवर हात ठेवतात, सगळं करतात.

पण अजून कळवलेलं नाही!